साध्या एअर पिस्तुलाकडून स्पर्धेच्या पिस्तुलाकडे

मूल नेमबाजीच्या रेंजवर जायला लागून सहा-आठ महिने झाले, एखादी जिल्हास्तरीय स्पर्धा खेळून झाली, की घरात विषय निघतोच: आता याला चांगलं पिस्तूल घेऊन द्यायचं का? मोठेपणी हा खेळ धरलेले हौशी नेमबाजही स्वतःला हेच विचारत असतात. प्रश्न लाख-दोन लाखांचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर चुकीच्या कारणासाठी ‘हो’ असं येतं. ‘तिच्याकडे मोरिनीचं पिस्तूल आहे ना, म्हणून तिचे ६०० पैकी ५६० लागतात’ हे वाक्य कोल्हापूरपासून पनवेलपर्यंत कुठल्याही रेंजवर कानावर पडतं. स्पर्धेचं पिस्तूल घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. एका टप्प्यानंतर ते घ्यावंच लागतं. पण ते नेमकं काय देतं आणि काय देत नाही, हे कळल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

सुरुवात टार्गेटपासून करू. १० मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. पेलेट ४.५ मिलिमीटरचं, आणि त्याची कड आतल्या वर्तुळाच्या रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की दहा. पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून साठ शॉट मारले आणि सगळ्या पेलेटांचे मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात मावले, तर ते पिस्तूल ६०० पैकी ६०० देण्याच्या योग्यतेचं आहे. आता, बरं सिंगल-स्ट्रोक पिस्तूल, त्याला मानवणारं पेलेट मिळालं तर, शिकंज्यातून एका सेंटिमीटरच्या आसपास ग्रुप देतं. स्पर्धेच्या पिस्तुलाबरोबर कारखान्यातून टेस्ट कार्ड येतं, त्यावर पाच शॉटचं मिळून एकच भोक दिसतं, पेलेटहून जेमतेम मोठं. फरक आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. पण ५२०-५३० मारणाऱ्या नेमबाजाच्या गुणांत तो दिसणार नाही. त्याचे सत्तर-ऐंशी गुण बॅरलमुळे जात नाहीत.

मग जातात कुठे? पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची पट्टी यांच्यात साधारण ३३ सेंटिमीटरचं अंतर असतं. हात पाच मिलिमीटर हलला, पण खाच आणि पट्टी एकमेकींशी जुळलेल्या राहिल्या, तर पेलेटही टार्गेटवर पाचच मिलिमीटर सरकतं. दहा हातात राहतो. उलट, हात स्थिर असताना पट्टी खाचेत फक्त पाव मिलिमीटर बाजूला गेली, तर दहा मीटरवर साडेसात मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे दहाची अगदी कड. अर्धा मिलिमीटर गेली तर पंधरा, म्हणजे नऊचीही शेवटची कड. या खेळातला प्रशिक्षक नवख्याला ‘टार्गेट धूसर दिसू दे, पट्टी बघ’ असं पुन्हा पुन्हा का सांगतो, ते या आकड्यांत आहे. आणि ऐन वेळी पट्टी हलवणाऱ्या गोष्टी दोन: ट्रिगर ओढणारं बोट आणि पिस्तूल धरणारी मूठ. पिस्तूल बदलण्याचा विचार या दोन ठिकाणांपासून व्हायला हवा.

‘साधं पिस्तूल’ म्हणताना आपण तीन वेगळ्या वस्तू एकत्र करतो, तेही आधी वेगळं करायला हवं. पहिलं स्प्रिंगचं, दुकानात सहज मिळणारं, बॅरल मोडून स्प्रिंग दाबायचं. ट्रिगर सुटला की आतला पिस्टन पुढे झेपावतो आणि पेलेट बॅरलमधून बाहेर पडायच्या आतच अख्खं पिस्तूल मागेपुढे हिसडतं. १९६५ मध्ये जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीने आपल्या ‘मॉडेल ६५’ मध्ये हा धक्का मुठीपर्यंत पोचू न देणारी रचना केली आणि ते पिस्तूल पुढे कित्येक वर्षं स्पर्धांमध्ये गाजलं. साध्या स्प्रिंगच्या पिस्तुलात तशी सोय नसते. शिकण्यासाठी कुणी असं पिस्तूल वापरत असेल, तर त्याने बदलायला मुळीच वेळ लावू नये. त्याच्यावर केलेला सराव बऱ्याच अंशी त्या हिसड्याशी जुळवून घेण्यातच संपतो.

दुसरं सिंगल-स्ट्रोक. स्पेनचं गॅमो कॉम्पॅक्ट किंवा रशियाचं बायकल आयझेडएच-४६एम ही यातली नावाजलेली नावं. खालचा किंवा वरचा दांडा एकदा उघडून दाबला की एका शॉटपुरती हवा कोंडली जाते. धक्का जवळजवळ नाही, दर वेळी दाब तोच, ट्रिगर थोडाफार जुळवता येतो, लाकडी ग्रिपला तळहाताचा आधारही असतो. बायकलबद्दल जुने नेमबाज प्रेमाने बोलतात, आणि ते योग्यच आहे. वजनदार, ओबडधोबड, पण त्याच्या बॅरलला नावं ठेवायला जागा नाही. नवं आता क्वचितच मिळतं. तिसरं म्हणजे दाबून भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारं, पण साधेपणाने बनवलेलं पिस्तूल, उदाहरणार्थ हॅमर्ली एपी २०. मोठ्या पिस्तुलांच्या निम्म्याच्या आसपास किंमत, ग्रिप आणि साइटच्या जुळणीत थोडी तडजोड. आपल्याकडे या मधल्या पायरीचा विचार फार कमी लोक करतात. माझ्या मते तो सगळ्यात आधी करायला हवा.

आता ट्रिगर. नियम असा की एअर पिस्तुलाच्या ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे. स्पर्धेआधी तपासणीच्या टेबलावर ते वजन ट्रिगरला अडकवून पिस्तूल सरळ वर उचलतात. ट्रिगर सुटला तर पिस्तूल नापास. म्हणजे हलक्या ट्रिगरचा फायदा कुणालाच घेता येत नाही, महागड्या पिस्तुलाचा ट्रिगरही तेवढाच जड असतो. फरक आहे तो स्वभावात. चांगल्या ट्रिगरमध्ये दोन टप्पे असतात: पहिला मऊ, त्यात वजनाचा मोठा भाग उचलला जातो, मग बोटाला एक स्पष्ट भिंत लागते. त्या भिंतीवर थांबून नेमबाज पट्टीकडे बघत राहतो आणि थोडासा दाब वाढला की शॉट सुटतो. साध्या पिस्तुलात ही भिंत पुसट असते. बोट थोडं सरकतं, अडखळतं, पुन्हा सरकतं. शॉट सुटल्यावरही ट्रिगर मागे धावतो आणि मुठीला ओढून नेतो. शिवाय आज जिथे सुटला तिथेच तो उद्या सुटेल याची खात्री नसते. नवखा नेमबाज मग नकळत एक सवय लावून घेतो: सगळं जुळलेलं दिसलं की झटका देऊन टाकायचा. ही सवय जायला वर्षं लागतात, आणि पिस्तूल बदलण्याचं सगळ्यात सबळ कारण मला हेच वाटतं. ट्रिगरमुळे वाईट सवय लागत असेल तर गुण किती पडताहेत याची वाट बघू नये.

ग्रिपची गोष्ट त्याहून मोठी आहे आणि तिच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पिस्तूल एका हाताने, कुठलाही आधार न घेता, हात पुढे लांब करून धरायचं असतं. मनगट मोकळं राहिलं पाहिजे, त्यावर घड्याळ किंवा कडं चालत नाही. मग डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडले, तर पट्टी खाचेच्या मध्यभागी आपोआप दिसायला हवी. ती दर वेळी डावीकडे दिसत असेल तर नेमबाज मनगट वळवून ती मध्ये आणतो, आणि शॉटच्या क्षणी मनगट आपल्या मूळ जागी परत जायला बघतं. वर पाहिलेला पाव मिलिमीटर इथेच हरवतो. स्पर्धेच्या पिस्तुलांच्या ग्रिप लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत, उजव्या आणि डाव्या हातासाठी वेगळ्या मिळतात. तळहाताखालची फळी वर-खाली होते, बऱ्याच पिस्तुलांत ग्रिपचा पुढचा-मागचा कलही बदलता येतो.

तरीही खोक्यातून काढलेली ग्रिप जशीच्या तशी कुणाच्याच हाताला बसत नाही. अंगठ्याच्या मुळाशी कानस मारावी लागते, तळव्याच्या खोलगट भागात भर घालावी लागते. आपल्याकडे त्यासाठी कुणी लाकडाची लुगदी वापरतं, कुणी सरळ एम-सील. ओली भर लावायची, वर प्लॅस्टिकचा पातळ कागद धरायचा, नेहमीच्या पवित्र्यात उभं राहून हात उचलायचा आणि मुठीचा ठसा उमटू द्यायचा; सुकल्यावर पॉलिश पेपरने घासायचं, दोन दिवस शॉट मारून बघायचे, पुन्हा घासायचं. या कामात दोन नियम विसरायचे नाहीत: ग्रिपने हाताला वेढा घालता कामा नये, आणि तळहाताखालची फळी ग्रिपशी काटकोनाहून लहान कोन करून वर वळता कामा नये. बाकी मोकळीक आहे. माझं स्पष्ट मत असं की साध्या सिंगल-स्ट्रोक पिस्तुलाची ग्रिप अशी हाताला बसवून घेतल्याशिवाय नव्या पिस्तुलाचा विषय काढू नये. एवढ्यानेच अनेकांचे जे गुण वाढतात, ते त्यांना दोन लाखांच्या पिस्तुलात मिळतील असं वाटत असतं.

हवेच्या बाबतीत मात्र स्पर्धेचं पिस्तूल निर्विवाद पुढे आहे, आणि त्याचं कारण वेग नाही. स्पर्धेच्या पिस्तुलातून पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटरच्या वेगाने निघतं, सिंगल-स्ट्रोकमधून त्याहून थोडं हळू. दहा मीटरवर याने बिघडत काही नाही. बिघडतं ते दांड्यामुळे. पात्रता फेरीत ६० शॉट, ७५ मिनिटं, त्याआधी सरावाचे शॉट वेगळे. प्रत्येक शॉटला दांडा उघडा, जोर लावून दाबा, आणि हे करताना हातातली पकड मोडा. मूठ बसवायला घेतलेली मेहनत दर मिनिटाला वाया जाते आणि चाळिसाव्या शॉटनंतर खांदा बोलायला लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तर बायकलचा दांडा झेपतच नाही. सिलिंडरच्या पिस्तुलात छोटी खिट्टी उघडायची, पेलेट ठेवायचं, बंद करायची. २०० बारपर्यंत भरलेल्या सिलिंडरवर दीडशेच्या वर शॉट सहज निघतात. ट्रिगर जोखण्यासाठी पेलेटशिवाय, हवेशिवाय ‘ड्राय’ करायची सोयही या पिस्तुलांत असते. घरी भिंतीसमोर उभं राहून रोज अर्धा तास ड्राय करणं हा या खेळातला खरा रियाज, आणि चांगल्या ट्रिगरवर तो केला की फळतो.

पण सिलिंडर आला की त्याचा संसारही आला. भरायला क्लबचा कंप्रेसर, डायव्हिंगची टाकी किंवा हातपंप लागतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर ओलावा आत जातो आणि झडपांची वाट लावतो, म्हणून ओलावा शोषणारा फिल्टर हवाच. प्रत्येक सिलिंडरवर मुदतीची तारीख कोरलेली असते, साधारणपणे बनवल्यापासून १० वर्षं. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेला जाता येत नाही, आणि तो वैध असल्याची जबाबदारी नेमबाजावर असते. वापरलेलं पिस्तूल विकत घेताना बॅरल बघण्याआधी मी ही तारीख बघायला सांगेन. चाळीस-पन्नास हजार वाचवून आणलेल्या पिस्तुलाचे दोन्ही सिलिंडर पुढच्या वर्षी बाद होणार असतील, तर तो व्यवहार स्वस्तातला राहत नाही.

ट्रिगर यांत्रिक घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, यावर रेंजवर वाद चालू असतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये धातूचे भाग एकमेकांवरून घसरत नाहीत, त्यामुळे दर शॉटला अनुभव हुबेहूब तोच. स्वित्झर्लंडची मोरिनी सीएम १६२ ईआय आपल्याकडे त्यासाठीच लोकप्रिय झाली. मात्र टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. या प्रसंगावरून इलेक्ट्रॉनिक ट्रिगर वाईट असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. पॅरिसमध्ये २०२४ साली तिने दोन पदकं मिळवली, त्यांतलं एक सरबजोत सिंगबरोबर. धडा घ्यायचा तो दुरुस्तीबद्दल. ज्याच्या जिल्ह्यात ते पिस्तूल उघडून बघणारा माणूस नाही, सुटे भाग मागवायला महिने लागतात, त्याने यांत्रिक ट्रिगरचं घ्यावं, त्यात मला शंका वाटत नाही.

पॅरिसच्याच स्पर्धेतला तुर्कस्तानचा युसुफ दिकेच सगळ्यांना आठवत असेल. एक हात खिशात, साधा चष्मा, आणि मिश्र सांघिक रौप्यपदक. ‘बघा, साहित्य काही लागत नाही’ असा संदेश तेव्हा घरोघरी फिरला. त्याने नेमबाजीचा खास चष्मा आणि पापणीची झापड वापरली नाही, एवढंच खरं. हातातलं पिस्तूल पूर्ण स्पर्धेचं होतं.

वरच्या पातळीवर पिस्तूल गुण देऊ लागतं, तो हिशोबही बघण्यासारखा आहे. पात्रता फेरीत पूर्ण गुण मोजतात, पण अंतिम फेरीत दशांश. दहाचं क्षेत्र १०.० ते १०.९ असं विभागलेलं, आणि दशांशाची एक पायरी ०.८ मिलिमीटरची. पॅरिसमध्ये महिलांच्या अंतिम फेरीत मनू २२१.७ वर थांबली तेव्हा कोरियाची किम येजी तिच्या ०.१ ने पुढे होती. अशा ठिकाणी बॅरलच्या ग्रुपमधले दोन-तीन मिलिमीटर, पेलेटची निवडलेली बॅच, डोक्याचा व्यास ४.४९ घ्यायचा की ४.५०, हे सगळं पदकाच्या भाषेत बोलतं. ५६५ च्या पुढे सातत्याने मारणाऱ्याला हे सगळं लागतं. ५३० ला हा खर्च म्हणजे मनाचं समाधान.

मग वेळ आली हे ओळखायचं कसं? गुणांचा एकच आकडा सांगणं मला पटत नाही. त्यापेक्षा चांगली खूण नेमबाजाच्या स्वतःच्या अंदाजात आहे. शॉट सुटल्यावर पडद्याकडे बघायच्या आत तो कुठे लागला असेल हे मनाशी म्हणायचं: ‘नऊ, उजवीकडे खाली.’ मग बघायचं. सुरुवातीला हे अंदाज बरेचसे चुकतात, कारण शॉटच्या क्षणी पट्टी कुठे होती हे दिसतच नसतं. महिन्या-दोन महिन्यांनी ते जुळू लागतात. ते जुळताहेत आणि तरी गुण वाढत नाहीत, तर कमतरता तंत्रात आहे, पैसे शिकवणीवर आणि रेंजच्या वेळेवर घालावेत. आणि अंदाज पक्का असूनही पेलेट पुन्हा पुन्हा भलतीकडेच जात असेल, तर पिस्तूल शिकंज्यात लावून ग्रुप बघावा, दोन-तीन प्रकारची पेलेटं वापरून बघावीत. तरीही तेच झालं, तर पिस्तूल बदलायला कारण मिळालं. नवं पिस्तूल इथेच उपयोगी पडतं: त्याच्या आणि आपल्या चुका एकमेकींत मिसळत नाहीत, नऊ लागला तर तो आपला असतो.

मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण. बाराव्या वर्षी लहान मापाची ग्रिप लागणारा हात पंधराव्या वर्षी मध्यम मागतो. वाढत्या पायाला महागडे बूट घेऊ नयेत, हे घरातल्या कुणालाही समजतं. पिस्तुलाच्या वेळी विसरायला होतं. नियमाने पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, स्पर्धेची पिस्तुलं किलोच्या आसपास असतात, आणि लहान मुलांसाठी त्यांच्या आखूड, हलक्या आवृत्त्याही निघतात. हात वाढायचा थांबेपर्यंत क्लबचं पिस्तूल भाड्याने किंवा आळीपाळीने वापरणं यात कमीपणा मुळीच नाही.

कायद्याचं थोडक्यात. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलाची ताकद सहा ज्यूलच्या आतबाहेर, म्हणजे मर्यादेच्या खूप खाली. पण परदेशी पिस्तूल बाहेरून मागवणं हे नेहमीच्या पार्सलसारखं नाही. आयातीचे वेगळे नियम, कस्टम, नेमबाज म्हणून असलेली नोंद हे सगळं आड येतं. त्यामुळे बहुतेकांची खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच होते आणि युरोपात दीड ते अडीच हजार युरोंना मिळणारी वस्तू इथे त्याहून बरीच महाग पडते. बिल, पिस्तुलाचा क्रमांक आणि सिलिंडरचे कागद जपून ठेवावेत. पुढे विकताना त्यांच्यावरच किंमत ठरते.

कंपन्यांमध्ये निवड करायला लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि तिथेच तो सगळ्यात कमी लागतो. मोरिनी, ऑस्ट्रियाची स्टायर, जर्मनीची वॉल्थर आणि फाइनवेर्कबाउ, इटलीची पार्दिनी, यांतल्या कुठल्याही पिस्तुलाने जगज्जेतेपद मिळवता येतं. कुणाच्या ग्रिपचा कल आपल्या मनगटाला सोसतो, तोल पुढे हवा की मुठीजवळ, आणि गावात त्याचे भाग कुणाकडे मिळतात, एवढ्यावर ठरवावं. त्यासाठी ती पिस्तुलं हातात घेऊन पाहायला मिळाली पाहिजेत, आणि नेमकं तेच लहान शहरांतल्या मुलांना मिळत नाही. ग. वा. मावळणकर नेमबाजीच्या ज्या राष्ट्रीय संघटनेचे पहिले अध्यक्ष होते ती १९५१ साली उभी राहिली. आज त्यांच्याच नावाच्या स्पर्धेतून दर वर्षी मुलं राष्ट्रीय स्पर्धेकडे जातात. त्यांतली किती तरी आपलं पहिलं स्पर्धेचं पिस्तूल फोटो बघून आणि दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेतात. जिल्हा संघटनांनी दोन-तीन कंपन्यांची पिस्तुलं, लहान-मध्यम-मोठ्या ग्रिपा आणि डावखुऱ्यांसाठी किमान एक, असा संच ठेवला आणि खरेदीआधी महिनाभर त्यावर सराव करू दिला, तर त्याचा खर्च एका राज्य स्पर्धेच्या मांडवापेक्षा जास्त होणार नाही. हे काम दिल्लीच्या परवानगीसाठी अडलेलं नाही.